कुशीतला कोन

चेन्नईतल्या पेरुंगुडीच्या आमच्या घरात जेवणाच्या टेबलावर खराट्याच्या काड्यांचा एक जुडगा कायम असायचा. झाडायचा खराटा वेगळा, तो मोरीत. टेबलावरच्या काड्या आईने नव्या खराट्यातून उपसून, धुवून, कात्रीने कापून ठेवलेल्या होत्या. काही वीतभर, काही बोटभर, पण प्रत्येक मापाच्या दोन दोन. पाहुण्यांना वाटायचं, दात कोरायला ठेवल्यात. त्या भूमितीसाठी होत्या.

आई संध्याकाळी आमच्या बिल्डिंगमधल्या मुलांना गणित शिकवायची. पप्पांची बँकेतली बदली झाली आणि आम्ही मिरजेहून चेन्नईला आलो, तेव्हा मी तिसरीत होते. आईला तमिळ कधीच आलं नाही. इंग्रजी वाचता यायचं, पण बोलताना ती वाक्य मध्येच सोडून द्यायची. पाण्याचा लॉरीवाला, भाजीवाली, शाळेच्या मीटिंगला आलेल्या बायका, कुणीही समोर आलं की ती माझ्याकडे बघायची. मी बोलावं अशी तिची अपेक्षा. आणि मी तर आधीच तिच्या मागे जाऊन उभी राहिलेली असायचे. शेवटी समोरचं माणूसच कंटाळून काहीतरी ठरवून टाकायचं आणि आम्ही मान डोलवून घरी यायचो.

टेबलाशी बसली की मात्र ती वेगळी बाई असायची. आवाज सुटायचा. "धिस साइड, धिस साइड, ईक्वल. व्हाय?" एवढ्या इंग्रजीवर ती अख्खा धडा शिकवायची. मुलं तिला मिस म्हणायची. तिचं सगळं शिक्षण मराठीतून झालेलं, त्यामुळे आमच्या पुस्तकात ज्याला एस-ए-एस म्हणत, ते तिच्या डोक्यात बाकोबा होतं. बाजू, कोन, बाजू. कोबाको, बाबाबा हेही तिच्या तोंडून निघून जायचं. मुलांना त्या शब्दांची इतकी गंमत वाटायची की जिना उतरताना ती "बाकोबा! बाकोबा!" ओरडत जायची, आणि वरच्या काकू दारातून विचारायच्या, "कोणते देवाचे नाव घेतात गं ही पोरं?"

वरच्या काकू तंजावरच्या. त्यांच्या घरचे लोक किती पिढ्यांपूर्वी तिकडे गेले हे त्यांनाही सांगता येत नव्हतं. त्यांचं मराठी तमिळ चालीत चालायचं आणि मध्ये मध्ये सरळ तमिळच होऊन जायचं. सुरुवातीला आई मला हळूच विचारायची, "त्या आत्ता काय म्हणाल्या?" पण अख्ख्या चेन्नईत आईशी मराठीत बोलणारी तेवढी एकच बाई होती, म्हणून दोघींनी एकमेकींना सांभाळून घेतलं.

एकरूप त्रिकोण मला आईनेच शिकवले. दोन त्रिकोणांचे सहाच्या सहा घटक समान आहेत हे दाखवायची गरज नसते. नेमके तीन पुरतात, मग उरलेले तीन आपोआप येतात. फक्त ते तीन योग्य जागचे हवेत. मी नेहमी एकच चूक करायचे. दोन बाजू समान दिसल्या आणि कुठलातरी एक कोन समान दिसला की खाली एस-ए-एस लिहून मोकळी. आई 'चूक' हा शब्द वापरायची नाही, फुलीही मारायची नाही. डाव्या हाताचं बोट त्या कोनावर दोनदा आपटायची आणि विचारायची, "हा कोन कुणाच्या कुशीत आहे?"

मी बघायचे. कोन दोन बाजूंच्या मध्ये नसायचा, एका टोकाला बाहेर पडलेला असायचा.

"बाजू ह्या दोन घेतल्यास ना? मग कोन ह्यांच्या कुशीतला हवा. परका कसा चालेल?"

मग ती काड्या घ्यायची. दोन काड्यांच्या मधला कोन चिमटीत घट्ट धरायची आणि म्हणायची, "हलव बरं." काहीच हलायचं नाही, तिसरी बाजू ठरूनच गेलेली असायची. मग चिमूट सोडायची आणि टोकाचा कोन धरायची. आता दुसरी काडी दारासारखी झुलायची. एकदा इथे टेकायची, एकदा तिथे. दोन वेगळे त्रिकोण. "बघ," ती म्हणायची, "मधलं धरलं नाही की सगळं असं लटपटतं."

मुलांना ती तेच विचारायची, "हू इज होल्डिंग धिस अँगल?" आणि मुलं एका सुरात ओरडायची, "नोबडी, मिस!"

मी नववीत असताना, तिमाही परीक्षा नुकतीच झाली होती, तेव्हा आई पाण्याच्या लॉरीशी पडली. त्या काळी आमच्याकडे नळाला पाणी नसायचं. सकाळी लॉरी यायची आणि सगळ्या बायका रंगीत प्लास्टिकच्या घागरी घेऊन रांगेत उभ्या राहायच्या. मी जिन्यात होते. आईची हिरवी घागर आधी घरंगळली, मग ती तिच्या मागून वाकली असं मला वाटलं. ती वाकली नव्हती.

उजवा हात, उजवा पाय आणि बोलणं, तिन्ही एकदम गेलं. हॉस्पिटलमधून घरी आणली तेव्हा तिच्याजवळ एकच शब्द उरला होता. "नको." पाणी हवं का? नको. आणि घटाघटा प्यायची. पंखा लावू? नको. बंद करू? नको. मी शाळेत जाऊ? नको, नको. डॉक्टरांनी आम्हाला सांगितलं होतं, या शब्दावर जाऊ नका. मेंदूला मार बसला की कधीकधी एखादाच शब्द तोंडात अडकून राहतो, त्याचा अर्थ शोधू नका. आणि तिला समजतं किती, असं पप्पांनी विचारल्यावर ते म्हणाले की फारसं समजत असेल असं वाटत नाही, पण थांबून बघा. त्यांनी तिला तपासलं तेव्हा मी तिथेच होते. "अम्मा, हात वर करा. डोळे मिटा. नाकाला बोट लावा." हे सगळं त्यांनी तिला आधी तमिळमध्ये सांगितलं, मग इंग्रजीत. ती त्यांच्या तोंडाकडे बघत राहिली. म्हणाली, "नको." आम्ही दोघं शेजारी उभे होतो. तिला मराठीत सांगून बघा, हे आमच्यापैकी कुणालाच सुचलं नाही. इतकी वर्षं दुसऱ्या भाषांत वावरलो होतो की भाषा हा प्रश्न असू शकतो, हेच आम्ही विसरलो होतो.

पलंग बाहेरच्या खोलीत आणला, कारण तिथला पंखा चांगला होता. त्यामुळे घरातलं सगळं बोलणं तिच्या उशाशी व्हायचं. सकाळी पप्पा तिचं अंग पुसायचे, मी केस विंचरायचे. दुपारी वरच्या काकू येऊन बसायच्या. त्या तिच्याशी पहिल्यासारख्याच बोलायच्या. टीव्हीवरच्या मालिकेत सुनेने काय केलं, कालची लॉरी कशी आलीच नाही. जाताना जिन्यात माझा गाल कुरवाळून म्हणायच्या, "पावम, कण्णा, किती बारीक झालीस." कण्णा म्हणजे सोन्या, पावम म्हणजे बिचारी. हे आईबद्दल की माझ्याबद्दल, ते त्या स्पष्ट करायच्या नाहीत.

काही आठवड्यांनी मिरजेहून मामा आला. तो आईपेक्षा मोठा. रात्रभर गाडीत बसून आला, आंघोळ केली, तो दिवस नुसतं बघण्यात घालवला आणि दुसऱ्या दिवशी पलंगाशेजारच्या खुर्चीत बसून पप्पांशी बोलायला लागला.

"तुम्ही तिला मिरजेला पाठवा. आमच्याकडे दवाखाना दोन गल्ल्यांवर आहे. बायको दिवसभर घरात असते."

"तिला इथून हलवायचं..." पप्पा म्हणाले.

"इथे कोण आहे तुमचं? वरची ती मद्राशी बाई?"

"मराठी आहेत त्या."

"असतील. आणि ही पोरगी? नववीत आहे ना? पुढच्या वर्षी बोर्ड. ती आईचे कपडे बदलत बसलीय. शाळेतून येते ते धुणं भिजवते. मी काल बघितलं तिच्याकडे, भावजी, म्हातारी दिसायला लागलीय ती."

पप्पांनी आईच्या अंगावरची चादर सारखी केली. मग म्हणाले, "इथे काय आणि तिथे काय. तिला काय कळतंय आता? माणूस गेलंय त्यातलं. नुसतं शरीर राहिलंय."

आई छताकडे बघत होती. मी स्वयंपाकघराच्या दारात कुकरचं झाकण हातात धरून उभी होते. पप्पा वाईट माणूस नव्हते. रोज सकाळी ते तिचे दात घासायचे, स्वतःच्या बोटाने, आणि ती चावली तरी हूं की चूं करायचे नाहीत. ते थकले होते. पण त्यांच्या त्या वाक्यानंतर माझ्या मनात एकच गोष्ट उरली. आईला समजतं, हे दाखवायचं. समजत असेल तर तिला असं बोचकं बांधून पाठवता येणार नाही. समजत असेल तर ती आमच्यातच राहील. मला ती घरात हवी होती. बोलली नाही तरी, उठली नाही तरी, मला शाळेतून आल्यावर ती दिसायला हवी होती.

कसं दाखवायचं ते मात्र मला माहीत नव्हतं. मी तिला खुणेने हो-नाही सांगायला शिकवून पाहिलं. मान हलवायला सांगितलं की ती कुठेही हलायची. "आई, मी कोण?" म्हटलं की नको. मग मीच उठून जायचे, कारण मला रडताना कुणी पाहिलेलं चालायचं नाही, अगदी तिनेही.

डिसेंबर आला. काकू पहाटे दारात मोठी मोठी कोलम, पिठाच्या रांगोळ्या, काढायला लागल्या. माझी सहामाही जवळ आली. मामा अजून आमच्याकडेच होता, आईला न्यायच्या तिकिटांच्या मागे. मी अभ्यासाला पलंगाच्या कडेवर बसायचे, वही आईच्या गादीवर ठेवून, कारण टेबलावर औषधं आणि डायपरची पाकिटं होती. त्या संध्याकाळी मी भूमितीची उदाहरणं सोडवत होते आणि लक्ष कुठेच नव्हतं. दोन त्रिकोण, दोन बाजूंवर समान खुणा, एका कोनात छोटा कंस. खाली लिहून टाकलं, बाय एस-ए-एस.

वहीवर ठक्‌ ठक्‌ झालं.

आईचं डावं बोट होतं. कोनावर. टोकाच्या, बाहेर पडलेल्या, परक्या कोनावर. मी तिच्याकडे बघितलं. तिच्या भुवया तशाच आवळलेल्या होत्या, मुलं आळस करायची तेव्हा व्हायच्या तशा. "नको," ती चिडून म्हणाली. आणि बोट कागदावरून सरकवत त्या दोन बाजूंच्या मध्ये आणून ठेवलं.

मग मी नवी आकृती काढली. मुद्दाम चुकीची. ठक्‌ ठक्‌. मग बरोबर काढली. तिने काही केलं नाही, पुढची आण म्हणून पेन्सिलीकडे बघितलं. मी काड्या आणून तिच्यासमोर टाकल्या आणि तोंडी म्हणाले, "आई, बाकोबा लाव." डाव्या हाताने तिने दोन काड्या जुळवल्या, मधला कोन अंगठ्याखाली दाबला, आणि माझ्याकडे बघितलं. हलव बरं.

मी त्या दिवशी तिच्या पोटावर डोकं ठेवलं. तिचा हात माझ्या वेणीवर पडला. "नको, नको, नको," ती म्हणत राहिली, अगदी हळू.

दुसऱ्या दिवशी रविवार होता. मी पप्पांना आणि मामाला खुर्च्यांवर बसवलं. मला वर्गात उत्तर माहीत असूनही हात वर करता यायचा नाही, पण त्या दिवशी मी उभी राहिले. आईच्या पाठीला उशा लावल्या. मी कागदावर त्रिकोणांच्या काही जोड्या काढल्या होत्या, काही खऱ्या, काही फसव्या. आई मुलांना सिद्धता लिहायला शिकवायची तेव्हा पहिल्या ओळीत काय दिलंय ते लिहायचं आणि दुसऱ्या ओळीत काय सिद्ध करायचंय ते. तिच्या भाषेत पक्ष आणि साध्य. मी काहीच लिहिलं नव्हतं, पण खोलीतल्या सगळ्यांना साध्य काय आहे ते माहीत होतं.

"तुम्ही विचारा," मी पप्पांना म्हणाले. "नाहीतर म्हणाल मी खुणा केल्या."

"मला कुठे येतं ते."

"नुसतं म्हणा, बाबाबाची जोडी कुठली."

पप्पांनी घसा साफ केला. लग्नात मंगलाष्टकं म्हणायला सांगितल्यासारखे ते लाजले. "अगं, बाबाबाची जोडी कुठली?"

आईचं बोट गेलं. बरोबर जोडीवर.

"काटकोनाची?"

बरोबर.

"हे काहीतरी पाठ असेल," मामा म्हणाला. "सवयीचं." त्याने माझ्या हातातून कागद घेतला, उलटा केला आणि पुढे धरला. "ताई... ह्यात एकरूप नसलेली कुठली?" तो मोठा भाऊ असून तिला ताई म्हणायचा, लहानपणापासून. आईने कागद सरळ करायला लावला, भावाकडे असं बघितलं की मला वाटलं ती आता हसणार, आणि फसव्या जोडीवर दोनदा बोट आपटलं.

मामाने कागद खाली ठेवला आणि चष्मा काढला.

मी पप्पांकडे बघत होते. मला वाटलं होतं, त्यांचा चेहरा उजळेल. पप्पांचा चेहरा हळूहळू पांढरा पडत गेला. ते आईकडे बघत होते, मग त्यांनी त्या खुर्चीकडे बघितलं जिच्यावर मामा आता बसला होता आणि त्या दिवशीही बसला होता. ते काय मोजत होते ते मला त्याच क्षणी कळलं. एकरूपता सिद्ध झाली की उरलेले घटक आपोआप समान होतात. ते मागावे लागत नाहीत आणि नाकारताही येत नाहीत. तिला समजतं. म्हणजे तिला समजत होतं. म्हणजे माणूस गेलंय, नुसतं शरीर राहिलंय, हे तिने ऐकलं होतं. पोरगी म्हातारी दिसते, हेही. मी बाथरूममध्ये दार लावून रडायचे, पण नळाला पाणी नसल्यामुळे आवाज झाकला जायचा नाही, तेही तिला ऐकू येत होतं.

पप्पा उठून पलंगाच्या कडेला बसले. तिचा निर्जीव उजवा हात त्यांनी मांडीवर घेतला. "अगं," ते म्हणाले, "मी..." आईने डाव्या हाताने त्यांच्या शर्टाचं वरचं बटण लावलं. ते नेहमी उघडं राहायचं आणि ती नेहमी लावायची.

मग ते म्हणाले, "आता तिलाच विचारू."

"काय?" मी म्हणाले.

"मिरजेला जायचं का ते."

सिद्धतेच्या पुढे आणखी एक पायरी असते, हे मी धरलंच नव्हतं. "ती नकोच म्हणणार," मी म्हणाले.

"तोंडाने नको. हाताने."

त्यांनी कागदाच्या कोऱ्या बाजूवर दोन चौकोन काढले. एकात 'इथे' लिहिलं, दुसऱ्यात 'मिरज'. दोन्ही तिला वाचून दाखवले, सावकाश, बोट ठेवून. पेन्सिल तिच्या डाव्या हातात दिली. मामा खिडकीशी जाऊन बाहेर बघत उभा राहिला.

"नको," आई म्हणाली. "नको. नको." तिचे डोळे माझ्यावर होते. तोंड नको म्हणत होतं आणि हात कागदावर गेला आणि तिने मिरजेच्या चौकोनात खूण केली. मुलांच्या वहीत करायची तशी, लांब शेपटीची, बरोबरची खूण.

"तिला कळलं नाही," मी म्हणाले.

"बेटा."

"तिला कळलं नाही, पप्पा. चौकोन उजवीकडे होता म्हणून हात तिकडे गेला." मी दुसरा कागद घेतला. चौकोन उलटे काढले, मिरज डावीकडे, इथे उजवीकडे. मी वाचून दाखवलं. "नको, नको," ती म्हणाली आणि परत मिरजेवर खूण केली. मग पेन्सिल ठेवली आणि माझं भूमितीचं पुस्तक, जे तिच्या गुडघ्याशी पडलं होतं, हाताने माझ्याकडे सरकवलं. आणखी थोडं सरकवलं. ते माझ्या मांडीला लागलं तेव्हा थांबली.

पप्पा म्हणाले, "तूच दाखवलंस ना आत्ता, तिला कळतं म्हणून."

मी पुस्तक उचललं.

सेंट्रल स्टेशनवर आम्ही तिला व्हीलचेअरवरून नेलं. सोलापूरपर्यंत गाडी, पुढे मामाने जीप सांगितली होती. मी तिच्या पिशवीत कपडे, औषधं, कंगवा भरला आणि आतल्या कप्प्यात काड्यांचा जुडगा ठेवला, माझ्या केसांचं रबर लावून. वरच्या काकूंनी डब्यात दहीभात दिला होता आणि निघताना त्या आईच्या कपाळाला कपाळ लावून काहीतरी पुटपुटल्या, तमिळ की मराठी ते मला ऐकू आलं नाही.

डब्यात खिडकीशी बसवल्यावर तिने माझं मनगट धरलं. गाडीची शिट्टी झाली आणि ती मोठ्याने म्हणायला लागली, नको, नको, नको. डब्यातले लोक बघायला लागले. समोरच्या बाकावरच्या एका बाईने मला तमिळमध्ये विचारलं, "अम्मा काय म्हणतायत?"

"सुम्मा," मी म्हणाले. उगाच. काही नाही. मामाने तिची बोटं एक एक करून सोडवली.

त्यानंतर रविवारी फोन असायचा. मामा रिसीव्हर तिच्या कानाला लावायचा आणि मी बोलायचे. सहामाहीत गणितात चांगले मार्क पडले. लॉरी आता एक दिवसाआड येते. काकूंना नातू झाला. मध्ये मध्ये तिचा श्वास यायचा आणि नको यायचं. मी इतर कुणाशी इतकं बोलत नव्हते. वार्षिक परीक्षा झाली की मी मिरजेला जाणार होते, सगळी सुट्टी तिथेच. तिला दुसरा झटका आला तेव्हा माझे दोन पेपर उरले होते. आम्ही पोचलो तेव्हा तिला अंगणात ठेवलेलं होतं.

कार्य झाल्यावर मामीने तिची पिशवी माझ्याकडे दिली. कपडे धुवून घडी करून ठेवले होते. आतल्या कप्प्यात काड्या होत्या. माझं रबर मी जसं तीन वेढे देऊन लावलं होतं, तसंच होतं.

"ह्या कशाच्या गं?" मामीने विचारलं. "दात कोरायच्या असतील म्हणून ठेवल्या तशाच. ती सारखी पिशवीकडे हात करायची, पण काय पाहिजे ते कळायचं नाही. साडी काढून द्यायचे, कंगवा काढून द्यायचे. नको म्हणायची." मामी डोळे पुसत होती. तिने आईचं खूप केलं होतं, ते मला दिसत होतं.

"दात कोरायच्याच," मी म्हणाले.

आता मी शोळिंगनल्लूरला एका सॉफ्टवेअर कंपनीत काम करते. पप्पा निवृत्त झाले, पण चेन्नई सोडायचं आम्ही दोघांनीही कधी काढलं नाही. घर तेच. रस्ता मात्र एवढा रुंद झालाय की समोरच्या बाजूला जायचं तर गाड्या थांबायची वाट बघत उभं राहावं लागतं. आम्ही दोघं संध्याकाळी चहा पितो आणि फार बोलत नाही. ते माझ्यावर गेलेत की मी त्यांच्यावर, कोण जाणे.

मागच्या आठवड्यात मी ऑफिसातून आले तेव्हा त्यांनी चहा टाकलेला होता. पाठमोरे उभे होते. गाळणी शोधता शोधता म्हणाले, "ती नको म्हणाली होती."

कुठलं, केव्हाचं, हे मला विचारावं लागलं नाही.

"ती सगळ्यालाच नको म्हणायची, पप्पा."

"हो," ते म्हणाले. "तेही आहेच."

त्यांनी दोन्ही कप टेबलावर आणून ठेवले. त्यांच्या शर्टाचं वरचं बटण उघडं होतं. मी बघितलं, आणि माझा चहा पुढे ओढून घेतला.